कापडाचा गंडभेरुंड घरी कसा शिवावा: पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

दोन डोक्यांचा गंडभेरुंड, हत्तींना पंजात धरणारा शरभ, सोंड असलेला मगरीसारखा मकर, असे अद्भुत प्राणी आपल्या मंदिरांच्या भिंतींवर आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर शतकानुशतके कोरलेले आहेत. मुलांच्या हातातल्या कापडी खेळण्यांमध्ये मात्र ते क्वचितच दिसतात. ते घरी शिवता येतात. त्यासाठी भरतकामात पारंगत असावे लागत नाही, शिलाई मशीन नसले तरी हातशिलाईने काम होते, आणि कापडही फारसे लागत नाही. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. कागदावर डौलदार दिसणारी मान कापडात उतरली की बारीक होते, चोच आतच अडकून राहते, डोके एका अंगाला कलते, आणि पहिल्यांदाच शिवणाऱ्याला वाटते की आपल्या हाताला वळण नाही. बहुतेक वेळा चूक हाताची नसते, आकृतीची असते. कापडी बाहुली उलट बाजूने शिवतात, मग ती सुलटी करून भरतात. हे ध्यानात ठेवून आकृती काढली तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. म्हणून या लेखात शिलाईपेक्षा कागदावरच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

१. सुरुवात गंडभेरुंडापासून का करावी

गंडभेरुंडाची डावी आणि उजवी बाजू सारखी असते. त्यामुळे कागदाला मधोमध घडी घालून अर्धीच आकृती काढली की पूर्ण नमुना तयार होतो, आणि पुढचा व मागचा भाग एकाच नमुन्यावरून बेतता येतो. चार पायांच्या प्राण्याला उभे राहण्यासाठी पोटाखाली वेगळी पट्टी जोडावी लागते. येथे ती लागत नाही. शिवाय या प्राण्याचे एकच ठरलेले रूप नाही. कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात बळ्ळिगावी येथे १०४७ मध्ये उभारलेल्या स्तंभावरील गंडभेरुंडाला माणसाचे धड आहे, तर कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हातील गंडभेरुंड पूर्णपणे पक्षी आहे. तुमचा गंडभेरुंड थोडा लठ्ठ झाला किंवा त्याची मान आखूड झाली, तरी तो गंडभेरुंडच राहतो. पहिल्या कामासाठी ही मोकळीक फार मोलाची आहे.

शिल्पांमध्ये त्याच्या चोचींत आणि नखांत हत्ती दाखवलेले असतात. ते हत्ती पहिल्या बाहुलीत घेऊ नयेत. इतके लहान भाग शिवणे कठीण असते, आणि ते सुटून निघाले तर लहान मुलाच्या तोंडात जाण्याचा धोका असतो.

२. साहित्य

• धडासाठी अर्धा मीटर सुती कापड. मांजरपाट, पॉपलिन किंवा घट्ट विणीची खादी चालते. ताणले जाणारे होजियरी कापड पहिल्या वेळी घेऊ नये, कारण भरताना ते कोठेही फुगते.
• पंखांसाठी खणाचा तुकडा, साधारण २० × ४० सेंटिमीटर, आणि मागच्या बाजूला लावण्यासाठी तेवढेच साधे सुती कापड.
• चोचींसाठी पिवळ्या किंवा केशरी फेल्टचा तळहाताएवढा तुकडा.
• खणाला मागून चिकटवण्यासाठी इस्त्रीने बसणारे पातळ पेस्टिंग.
• भरण्यासाठी सुमारे १०० ग्रॅम पॉलिएस्टर फायबर.
• धडाच्या रंगाचा पॉलिएस्टर दोरा, आणि डोळ्यांसाठी काळा व पांढरा भरतकामाचा दोरा.
• हातशिलाईच्या सुया, भरतकामाची रिंग, टाचण्या, शिंप्याचा खडू किंवा साधी शिसपेन्सिल.
• दोन कात्र्या: एक कापडासाठी आणि दुसरी लहान, टोकदार. कागद कापायला घरातली तिसरी कोणतीही कात्री वापरावी, कारण कागद कापल्याने कापडाच्या कात्रीची धार जाते.
• बोथट टोकाची लाकडी काडी. बांबूची चॉपस्टिक उत्तम. विणकामाची जाड सुईही चालते.

पुण्यात हे सर्व तुळशीबाग आणि रविवार पेठेच्या परिसरात मिळते. मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट आणि दोरे, लेस, बटणे यांसाठी भुलेश्वर सोयीचे पडते. खण मात्र मुद्दाम विकत घेण्यापूर्वी घरात जुन्या चोळीचे किंवा परकराचे कापड आहे का, ते पाहावे. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणल्या जाणाऱ्या खणाची बारीक नक्षी पिसांसारखी दिसते, म्हणून पंखांसाठी मला त्याच्याइतके शोभणारे दुसरे कापड वाटत नाही.

भरण्याच्या वस्तूबाबत एक सूचना. घरात कापूस असतो आणि तोच वापरावासा वाटतो; परंतु कापूस धुतल्यावर गोळा होतो आणि पावसाळ्यात आतून लवकर वाळत नाही, त्यामुळे कुबट वास धरतो. कापडाच्या कात्रणांनी बाहुली जड होते आणि तिच्या अंगावर उंचवटे दिसतात. सावरीचा कापूस हलका असला तरी तो विरळ विणीतून बाहेर येतो. धुता येणारे खेळणे हवे असेल तर फायबरच घ्यावे.

३. कापडाची पूर्वतयारी

नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न धुता शिवलेली बाहुली पुढे धुतली की कापड आटते, आतले फायबर मात्र तेवढेच राहते, आणि शिलाईवर ताण येतो. म्हणून कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. गडद लाल, निळ्या किंवा काळ्या कापडावर ओल्या पांढऱ्या फडक्याचा कोपरा जोराने घासून पाहावा. फडक्याला रंग लागला तर ते कापड तोंडात वस्तू घालणाऱ्या मुलाच्या खेळण्यासाठी वापरू नये.

खण धुण्याऐवजी त्याच्या उलट बाजूला पेस्टिंग बसवून घ्यावे, आणि हे काम तो कापण्यापूर्वीच करावे. खणाच्या कापलेल्या कडेचे धागे फार लवकर सुटतात. पेस्टिंग नसेल तर शिवेपर्यंत कड अर्धा सेंटिमीटर आत गेलेली असते. खणात बऱ्याचदा कृत्रिम रेशीम असते, म्हणून इस्त्री मध्यम ठेवावी आणि वर सुती फडके घालून दाबावी.

४. कागदी नमुना

ही पायरी घाईने उरकू नये. सपाट कापडाच्या दोन थरांची नळी भरून गोल झाली की तिची रुंदी कमी होते, आणि किती कमी होते हे हिशेबाने सांगता येते: कागदावरच्या रुंदीच्या सुमारे ६४ टक्के एवढा तिचा व्यास होतो. कागदावर ४ सेंटिमीटर रुंद काढलेली मान भरल्यानंतर अडीच सेंटिमीटर जाडीची होते, आणि २ सेंटिमीटरची मान जेमतेम सव्वा सेंटिमीटरची. तेवढ्याशा मानेतून डोके सुलटे करून बाहेर काढणे हात बसलेल्या माणसालाही जड जाते. त्यामुळे कागदावरचा गंडभेरुंड तुम्हाला जाड मानेचा, थोडा बेढब वाटला, तर तो बरोबर आहे असे समजावे.

ए-४ आकाराच्या कागदाला लांबीच्या दिशेने मधोमध घडी घालावी आणि घडीला पक्ष्याचा मध्य मानून अर्धी आकृती काढावी. पहिल्या बाहुलीसाठी पुढील मापे सोयीची आहेत. ती सर्व शिलाईच्या रेषेवरची आहेत.

• एकूण उंची २५ सेंटिमीटर: डोके ५, मान ४, धड १०, शेपटी ६.
• प्रत्येक मानेची रुंदी ४ सेंटिमीटर. ३ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये.
• दोन मानांमधील खाचेची रुंदी तळाशी किमान दीड सेंटिमीटर. घडीवर अर्धीच आकृती असल्याने तेथे पाऊण सेंटिमीटर मोजावे.
• धड सर्वांत रुंद जागी १४, कमरेशी ७ आणि पंख्यासारख्या शेपटीच्या तळाशी १२ सेंटिमीटर.

मानांमधील खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी टोकदार काढू नये, तिचा तळ ‘यू’सारखा गोल असावा. टोकदार खाच सुलटी केल्यावर तिच्या टोकाशी सुरकुत्या पडतात आणि त्या कितीही ओढले तरी जात नाहीत. शेपटीची तळरेषा जवळजवळ सरळ ठेवावी, कारण भरण्यासाठी तोंड तेथेच ठेवायचे आहे आणि सरळ कडेवरचे तोंड सफाईने बंद होते.

पंखाचा नमुना वेगळ्या कागदावर काढावा: लांबी ९, रुंदी ७ आणि धडाला जोडायची सरळ कड ४ सेंटिमीटर. चोच अडीच सेंटिमीटर लांब, किंचित खाली वळलेली. ती डोक्यात शिरण्यासाठी मागे आणखी एक सेंटिमीटर वाढवावी. डोळे, चोचींच्या जागा, पंखांच्या जागा आणि शेपटीवरचे ६ सेंटिमीटरचे तोंड या खुणा नमुन्यावर आत्ताच कराव्यात.

५. कापडावर आखणी आणि डोळे

एवढ्या लहान वस्तूत कापड आधी कापून मग शिवले, तर कडा सरकतात आणि दोन डोकी लहानमोठी होतात. त्याऐवजी आखावे, शिवावे आणि शेवटी कापावे. कापडाचे दोन चौकोनी तुकडे घ्यावेत, प्रत्येक नमुन्यापेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठा. नमुना उभ्या धाग्याला समांतर ठेवावा. तो उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपा, पडला तर मान भरताना ताणून लांब होते. दोन्ही तुकड्यांच्या उलट बाजूला पेन्सिलीने शिलाईची रेषा आखावी.

पेन्सिलीची रेषा सुलट बाजूला दिसत नाही. म्हणून डोळे, चोची आणि पंख यांच्या जागी उजळ दोऱ्याने एकेक कच्चा टाका घालावा, म्हणजे खूण दोन्ही बाजूंना उमटते. नंतर कापड रिंगमध्ये बसवून चारही डोळे, म्हणजे पुढचे दोन आणि मागचे दोन, भरून घ्यावेत. पांढरा गोल भरीव टाक्याने आणि त्यात काळे बुबुळ एवढे पुरेसे आहे. भोवती साखळी टाक्याची एक ओळ घातली तर डोळा शिल्पातल्यासारखा ठसठशीत दिसतो. डोळे आताच भरल्याने गाठी आत राहतात. बाहुली भरून झाल्यावर डोळे भरायला घेतले, तर दोऱ्याची टोके लपवायला जागा उरत नाही.

६. पंख आणि चोची

खण आणि साधे कापड सुलट बाजूंनी समोरासमोर ठेवून पंखाच्या वळणावर टीप मारावी. सरळ कड उघडी ठेवावी. पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर माया (शिलाईच्या बाहेर राखलेले जादा कापड) सोडून कापावे, वळणावर कात्रीने काप द्यावेत आणि पंख सुलटा करून इस्त्री करावी. पंखात काहीही भरू नये. मग पिसांच्या रेषा म्हणून तीन-चार धावदोऱ्याच्या ओळी दोन्ही थरांतून घालाव्यात. गोधडीला घालतात तशाच, पण जवळजवळ. त्यामुळे पंख ताठ राहतो आणि खणाची नक्षी उठून दिसते.

चोचीसाठी फेल्टचे दोन थर एकावर एक ठेवून बाहेरच्या कडेने काज टाका (काजाच्या कडेला घालतात तसा, कडेला वळसा घेणारा) घालावा. फेल्टचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे चोच उलटवण्याची गरज पडत नाही.

७. जोडणी

या टप्प्यावर सर्वांत जास्त घोटाळे होतात. एका तुकड्याची सुलट बाजू वर करून तो मेजावर पसरावा. त्यावर पंख आणि चोची अशा ठेवाव्यात की त्यांची टोके आतल्या बाजूला, पक्ष्याच्या पोटाकडे येतील आणि जोडायची कड शिलाईच्या रेषेच्या पाव इंच बाहेर राहील. डोळ्यांना हे उलटे वाटते. तरीही हेच बरोबर आहे. प्रत्येक भाग कच्च्या टाक्याने टाचून घ्यावा. पंखांची मोकळी टोके पोटावर आणून टाचणीऐवजी एका सैल टाक्याने धरून ठेवावीत, नाहीतर शिवताना पंखाचे टोक समोरच्या शिलाईत अडकते आणि सर्व उसवावे लागते.

मग दुसरा तुकडा सुलट बाजू खाली करून वर ठेवावा. डोळ्यांच्या मध्यातून टाचणी आरपार घालून पाहावी. ती खालच्या डोळ्याच्या मध्यातून निघाली, तर थर जुळले आहेत. सर्व बाजूंनी टाचण्या लावाव्यात.

शेपटीच्या तोंडाच्या एका टोकापासून सुरुवात करून रेषेवरून शिवत दुसऱ्या टोकाशी थांबावे, आणि दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे करून पक्की करावी. मशीनवर १४ नंबरची सुई आणि दोन मिलिमीटरपेक्षा मोठा नाही असा टाका ठेवावा. खण, पेस्टिंग आणि चार थर एकत्र येतात तेथे चाक हाताने फिरवावे. हाताने शिवणाऱ्यांनी उलटी टीप घालावी, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे येऊन पुढे घ्यावा. धावदोरा येथे पुरत नाही, कारण भरताना टाक्यांमधून फायबर डोकावू लागते. मानांमधील खाचेत टाका आणखी लहान करावा, आणि त्या तीन-चार सेंटिमीटरवर पुन्हा एकदा टीप मारावी. तेथे पुढे शिलाईच्या अगदी जवळून काप द्यायचा आहे.

८. कापणे आणि सुलटे करणे

सर्वत्र पाव इंच माया ठेवून कापावे. तोंडाशी मात्र अर्धा इंच ठेवावी, म्हणजे बंद करताना ती आत दुमडता येते. डोक्याच्या बाहेरच्या वळणावर मायेतून लहान त्रिकोण काढून टाकावेत. मानेच्या आणि कमरेच्या आत वळलेल्या भागावर नुसते सरळ काप पुरतात. खाचेच्या तळाशी तीन काप द्यावेत, शिलाईपासून एक-दीड मिलिमीटरवर थांबणारे. हात अडखळतो तो येथेच. पण काप दूर थांबवला, तर दोन माना एकमेकींना ओढून धरतात आणि डोकी कधीच सरळ होत नाहीत. लहान टोकदार कात्री या तीन कापांसाठीच हवी.

सुलटे करताना आधी डोकी काढावीत. बोट आत घालून डोक्याचा माथा मानेत ढकलावा, मग काडीच्या बोथट टोकाने हळूहळू शेपटीकडच्या तोंडापर्यंत आणावा. कात्रीचे टोक यासाठी कधीही वापरू नये. चोची आणि पंख आपोआप बाहेर येतात. पंखांना धरणारा सैल टाका मग कापून टाकावा आणि खुणेचे उजळ दोरे काढून घ्यावेत.

९. भरणे

फायबर पिंजून मोकळे करावे. डोक्यांत सुपारीएवढे पुंजके एकामागून एक घालून प्रत्येक वेळी काडीने बाजूंना दाबावे, मध्ये नव्हे. मध्ये दाबल्यास आत गाठ होते आणि कडा पोकळ राहतात. डोके बोटांनी दाबल्यावर लगेच पूर्ववत झाले पाहिजे.

मानेसाठी एक वेगळी युक्ती आहे. डोके मानेपेक्षा जड असते, आणि नुसत्या फायबरने भरलेली मान काही दिवसांच्या खेळण्यानंतर मधोमध मोडते. उरलेल्या कापडाच्या ८ सेंटिमीटर लांब आणि साधारण एक सेंटिमीटर जाड अशा दोन घट्ट गुंडाळ्या करून त्या दोऱ्याने शिवून घ्याव्यात. डोके भरले की गुंडाळीचे वरचे टोक डोक्यात रोवावे, मधला भाग मानेत आणि खालचे टोक धडात येऊ द्यावे, आणि तिच्या भोवतीची जागा फायबरने ठासून भरावी. काही जण यासाठी तार वापरतात. मुलांच्या खेळण्यात तार अजिबात घालू नये, कारण ती वाकून वाकून तुटते आणि कापडातून बाहेर येते.

धड मोठ्या पुंजक्यांनी, डोक्यापेक्षा किंचित सैल भरावे. शेपटी सपाट दिसावी म्हणून तिच्यात थोडेच फायबर घालावे. तोंडाची माया आत दुमडून दोन्ही घड्यांच्या आतून आळीपाळीने लहान टाके घ्यावेत आणि दर तीन-चार टाक्यांनी दोरा ओढावा. टाके आत जातात आणि कड एकसंध दिसते. शेवटी गाठ मारून सुई धडातून लांब बाहेर काढावी आणि दोरा कापडालगत कापावा, म्हणजे त्याचे टोक आतच राहते. टाचण्या आधी मोजून घेतल्या असतील तर आता पुन्हा मोजाव्यात. एकही कमी भरली, तर ती सापडेपर्यंत बाहुली मुलाच्या हाती देऊ नये.

१०. सुरक्षितता आणि विक्री

तीन वर्षांखालील मुलांसाठी मणी, बटणे, टिकल्या, घुंगरू यांपैकी काहीही लावू नये. या वयाच्या खेळण्यांमधील सुटे भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्या तपासणीच्या नळीत पूर्ण मावणारा भाग धोकादायक समजला जातो. चोची आणि पंख दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहावेत. टाका हलला, तर उसवून पुन्हा शिवावे.

घरातल्या किंवा आप्तांच्या मुलांसाठी शिवण्याला कसलीही परवानगी लागत नाही. विक्रीचे मात्र वेगळे आहे. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला असून, त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक आहे. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांच्या उत्पादनांना यातून सूट दिलेली आहे. प्रदर्शनात किंवा समाजमाध्यमांवरून विकण्याचा विचार असेल, तर पहिली मागणी घेण्यापूर्वीच ही नोंदणी आणि सध्याचे नियम तपासून घ्यावेत.

धुताना बाहुली कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने दाबून धुवावी, पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत, वाऱ्यावर आडवी ठेवून वाळवावी. मानेने टांगल्यास आतली गुंडाळी सरकते. खणाच्या पंखांना साबण कमी लावावा.

११. यानंतर काय शिवावे

गंडभेरुंड जमला की मकर घ्यावा. त्याची लांब सोंड म्हणजे मानेचाच पुढचा धडा आहे. रुंदीचा तोच हिशेब लावावा आणि सोंडेच्या वळणाच्या आतल्या बाजूला जवळजवळ काप द्यावेत. शरभाला तिसऱ्या क्रमांकावर ठेवावे. त्याला चार पायांवर उभे करायचे तर पोटाखाली दोन पायांच्या जोड्या आणि पोट मिळून एक पट्टी बेतावी लागते, आणि त्या पट्टीचा पायांचा आकार बाहेरच्या पायांशी तंतोतंत जुळावा लागतो. पट्टीची पोटाची मध्यरेषा सरळ न ठेवता दोन्ही टोकांना निमुळती करावी, नाहीतर पाय फाकतात आणि शरभ पोटावर बसतो.